जर्मनीत उभ्या गाडीला कोणी ठोकून पळालं, तर काय करायचं

लावलेल्या गाडीला कोणीतरी घासून गेलं आणि मागे नाव-पत्ताही ठेवला नाही, असं झालं की जर्मनीत नवा आलेला आपला माणूस बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर ‘आता कुठे पोलिसांच्या नादी लागायचं’ म्हणून गप्प बसतो, नाहीतर तशीच गाडी काढून थेट गॅरेजमध्ये नेतो आणि खर्चाचा अंदाज विचारतो. दोन्हींमध्ये त्याचंच नुकसान होतं. पहिल्यात पैसे जातात, दुसऱ्यात पुरावा.

चाकणहून स्टुटगार्टला किंवा हिंजवडीहून म्युनिकला आलेल्या कितीतरी घरांत पहिल्या-दुसऱ्या वर्षीच एखादी जुनी गाडी येते. विमा घाईत, सर्वांत स्वस्त दिसला तो घेतलेला असतो. जर्मन भाषा जेमतेम असते, आणि व्हिसावर असताना पोलिसांशी संबंध नको असं मनात घट्ट बसलेलं असतं. म्हणून सुरुवातीलाच सांगतो: यात तुम्ही तक्रारदार आहात. तक्रार नोंदवायला पैसे पडत नाहीत आणि तिचा तुमच्या रेसिडेन्स परमिटवर काहीही परिणाम होत नाही. उलट, ठोकून पळून जाणं हा जर्मन दंडसंहितेच्या कलम १४२ खाली फौजदारी गुन्हा आहे. त्याला दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आरसा मोडलाय एवढंच का होईना, पोलिसांच्या दृष्टीने ती गुन्ह्याची खबर असते. या गुन्ह्याला इथे उनफालफ्लुख्त म्हणतात, बोलताना फारेरफ्लुख्त. हा शब्द पाठ करून ठेवा, फोनवर पहिला तोच लागतो.

पहिला अर्धा तास

गाडी हलवू नका. अगदी ऑफिसला उशीर होत असला तरी. गाडी जिथे आणि जशी उभी होती त्यावरून धक्का कुठल्या बाजूने बसला, समोरची गाडी बाहेर पडत होती की आत शिरत होती, हे कळतं. एकदा ती जागेवरून निघाली की राहतो फक्त तुमचा शब्द. गाडी रस्ता अडवून उभी असेल किंवा तिच्यामुळे धोका असेल, तर आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा आणि मगच बाजूला घ्या.

फोटो काढताना आपण सहसा ओरखड्याचाच एक जवळचा फोटो काढतो आणि थांबतो. ते पुरेसं नाही. आधी दुरून काढा: पूर्ण गाडी, आजूबाजूच्या गाड्या, रस्त्याच्या नावाची पाटी, पार्किंगचा क्रमांक. मग थोडं जवळून, नुकसान गाडीच्या नेमकं कुठल्या भागात आहे ते दाखवणारा. शेवटी अगदी जवळून. ओरखड्याशेजारी मोजपट्टी किंवा टेप उभी धरून जमिनीपासूनची उंची दिसेल असा एक फोटो जरूर काढा. व्हॅनचा बंपर, छोट्या गाडीचा आरसा आणि सायकलचं हँडल यांची उंची वेगवेगळी असते. पुढे संशयित गाडी सापडली तर दोन्हींवरच्या खुणा जुळतात की नाही, हे याच उंचीवरून ताडून पाहतात.

जमिनीकडे बघा. फुटलेल्या दिव्याचा तुकडा, आरशाचं कव्हर, प्लॅस्टिकची पट्टी असं काही पडलेलं असतं. या तुकड्यांवर बऱ्याचदा पार्ट नंबर किंवा कंपनीची खूण असते आणि त्यावरून गाडीचं मॉडेल काढता येतं. आधी जागेवरच फोटो घ्या. पोलीस येणार असतील तर हात लावू नका. येणार नसतील तर स्वच्छ पिशवीत घालून ठेवा. ओरखड्यात दुसऱ्या रंगाचा अंश अडकलेला असेल तर तो पुसू नका, नखाने खरवडू नका, आणि पोलिसांनी बघेपर्यंत गाडी धुऊ नका. पोलीस रंगाचा नमुना उचलतात आणि त्यावरून शोध लागू शकतो.

वायपरखाली चिठ्ठी आहे का, तेही बघा. ठोकणाऱ्याची नाही तर बघणाऱ्याची असू शकते. गाडीचा नंबर टिपून ठेवणारी माणसं इथे भेटतात, विशेषतः खिडकीशी बसणारे म्हातारे शेजारी. समोरच्या बेकरीत, पार्सलच्या दुकानात, बांधकामावरच्या कामगारांना विचारा. कोणी पाहिलं असेल तर त्याचं नाव, पत्ता आणि फोन लिहून घ्या. ‘मी पाहिलं’ असं सांगून निघून गेलेला माणूस पुढे सापडत नाही.

आणि एक वेळ नोंदवून ठेवा: गाडी शेवटची धड कधी पाहिली होती. ‘काल संध्याकाळी ७ वाजता लावली, आज सकाळी ८ वाजता पाहिली’ हे वाक्य पोलीस, विमा कंपनी आणि वकील तिघेही विचारतात. दर वेळी ते सारखंच यायला हवं.

हे खरंच कोणी ठोकलं आहे ना?

हे ठरवायला दोन मिनिटं द्या, कारण पैसे कुठून मिळणार ते यावर अवलंबून आहे. वादळात फांदी पडली असेल, गारांनी पोचे आले असतील, काच फुटली असेल, तर ते टाइलकास्को या अर्धवट विम्यात बसतं. त्यात वादळ म्हणजे वाऱ्याचा जोर ब्यूफोर्ट मापाने किमान ८ हवा, अशी अट असते. चावीने मुद्दाम मारलेली रेघ असेल तर ती नासधूस आहे. तिचीही पोलिसांत तक्रार होते, पण ती उनफालफ्लुख्त नव्हे. एकाच उंचीवरून गेलेले, सपाट, रंग सोडलेले पट्टे दिसले तर समजा दुसरी गाडी घासून गेली आहे.

सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये सुटलेली ट्रॉलीही दारावर आदळते. ट्रॉली सोडून निघून जाणाऱ्यालाही इथल्या न्यायालयांनी याच गुन्ह्यात दोषी धरलेलं आहे. मात्र त्याची भरपाई गाडीच्या विम्यातून येत नाही, त्या माणसाच्या खासगी दायित्व विम्यातून येते. तो विमा इथे बहुतेक घरांत असतो. तुमच्याकडे नसेल तर या निमित्ताने घ्या, वर्षाला फार पैसे पडत नाहीत.

पोलिसांना कळवणं

ठोकणारा नुकताच पळाला असेल, कोणी नंबर पाहिला असेल किंवा कोणी जखमी असेल तर ११० लावा. रात्रीत कधीतरी झालेलं सकाळी दिसलं, तर जवळच्या ठाण्याचा साधा नंबर शोधून तिथे फोन करा. ते पथक पाठवतील किंवा तुम्हाला गाडी घेऊन ठाण्यावर बोलावतील. बऱ्याच राज्यांत ऑनलाइन तक्रारीचीही सोय आहे, तिला ओनलाइनवाखे म्हणतात. पण रंगाचे अंश किंवा तुकडे मिळाले असतील तर माझं मत स्पष्ट आहे: ऑनलाइन फॉर्म भरून मोकळे होऊ नका, गाडी प्रत्यक्ष दाखवा. फॉर्ममधून रंगाचा नमुना जात नाही.

फोनवर सांगायला एवढी दोन वाक्यं पुरतात: ‘इश म्योश्टे आइने उनफालफ्लुख्त मेल्डन. माइन गेपार्क्टेस आउटो वुर्डे बेशेडिग्ट.’ म्हणजे, मला ठोकून पळाल्याची खबर द्यायची आहे, माझ्या उभ्या गाडीचं नुकसान झालं आहे. पुढे रस्त्याचं नाव, घर क्रमांक आणि तुमचा गाडी नंबर. मोठ्या शहरांत इंग्रजी बोलणारा कर्मचारी बहुधा मिळतो. गावाकडे मात्र जर्मन येणारा शेजारी किंवा सहकारी सोबत घ्या. तक्रार ‘अज्ञाताविरुद्ध’ नोंदवली जाते. कोणावर संशय असेल तर तसं सांगा, पण नुसत्या अंदाजावर शेजाऱ्याचं नाव ठामपणे घेऊ नका.

कागदपत्रांत ओळखपत्र किंवा पासपोर्ट, रेसिडेन्स परमिट आणि गाडीचं नोंदणीपत्र जवळ ठेवा. गाडी चालवत ठाण्यावर जाणार असाल तर आपलं लायसन्स अजून चालतं ना, हे आधी तपासा. भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून सहा महिनेच चालतं. ती मुदत उलटली असेल तर गाडी तिथेच राहू द्या आणि पथकाला या म्हणून विनंती करा.

निघण्याआधी एक गोष्ट हातात हवीच: तक्रारीचा क्रमांक, म्हणजे फोरगांग्सनुमर. काही ठिकाणी त्याला आक्टेनत्साइखेन म्हणतात. छोट्या कार्डावर लिहून देतात. विमा कंपनी पहिला प्रश्न याचाच विचारते.

कॅमेऱ्यांचं काय?

सुपरमार्केटच्या पार्किंगवर कॅमेरा दिसला की वाटतं, आता सापडलाच. पण दुकानदार तुम्हाला चित्रण दाखवणार नाही. माहिती-संरक्षणाच्या नियमांमुळे तो दाखवू शकतही नाही, त्याच्यावर रागावून उपयोग नाही. चित्रण पोलीस मागवू शकतात. अडचण वेळेची असते. असं चित्रण सहसा दोन-तीन दिवसांत आपोआप पुसलं जातं. इथल्या माहिती-संरक्षण अधिकाऱ्यांची शिफारसही साधारण ७२ तासांची आहे. म्हणून तक्रार देतानाच ‘इथे कॅमेरा आहे, चित्रण पुसलं जाण्याआधी मागवा’ असं सांगा आणि तक्रारीत लिहून घ्यायला लावा. त्याच दिवशी दुकानाच्या व्यवस्थापकालाही ईमेल टाका: अमुक तारखेचं, अमुक वेळेचं चित्रण जपून ठेवावं, पोलीस मागतील. तुम्हाला बघू द्या असं त्यात म्हणू नका, फक्त पुसू नका एवढंच म्हणा.

डॅशकॅमबद्दलही विचारलं जातं. गाडी उभी असताना सतत चालू ठेवून रस्त्याचं चित्रण करत राहणं इथल्या नियमांत बसत नाही. पण संघीय सर्वोच्च न्यायालयाने मे २०१८ मध्ये असा निकाल दिला की, तसं चित्रण नियमभंग करून झालेलं असलं तरी अपघाताच्या दिवाणी खटल्यात पुरावा म्हणून वापरता येऊ शकतं. धक्का लागल्यावरच चालू होणारा आणि थोडंच चित्रण ठेवणारा कॅमेरा हा त्यातला बरा मार्ग. चित्रण मिळालं तर पोलिसांना द्या. मंडळाच्या किंवा सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गाडीचा नंबर आणि माणसाचा चेहरा फिरवू नका, त्यातून तक्रार उलट तुमच्यावर येईल.

याउलट साक्षीदार शोधणारा कागद लावायला काहीच हरकत नाही. वर मोठ्या अक्षरांत ‘त्सॉइगेन गेझूख्त’, खाली तारीख, वेळ, जागा, गाडीचा रंग आणि तुमचा फोन. शेजारच्या इमारतींच्या दारांवर परवानगी घेऊन लावा. पहिल्या एक-दोन दिवसांतच याचा उपयोग होतो, नंतर लोक विसरतात.

विमा कंपनीला कळवणं, आणि दावा करायचा की नाही

इथे गाडीच्या विम्याचे तीन थर असतात. हाफ्टफ्लिख्ट सक्तीचा, तो तुम्ही दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरतो. टाइलकास्को चोरी, आग, गारा, वादळ, काच, रानटी जनावराची धडक वगैरेंसाठी. आणि फोलकास्को, ज्यात स्वतःच्या गाडीचं अपघाती नुकसान येतं. ठोकणारा सापडला नाही, तर उभ्या गाडीच्या नुकसानीचे पैसे फक्त फोलकास्कोतूनच मिळतात. ज्यांच्याकडे तो नाही त्यांना खर्च स्वतःच करावा लागतो.

काहींना बर्लिनच्या फेरकेर्सऑप्फरहिल्फे या संस्थेची माहिती मिळते आणि आशा लागते. अज्ञात चालकांच्या अपघातग्रस्तांना ती मदत करते हे खरं. पण चालक अज्ञात असेल तर गाडीच्या नुकसानीचे पैसे ती तेव्हाच देते जेव्हा त्याच अपघातात कोणाला गंभीर इजा झालेली असते, आणि तेव्हाही पहिले ५०० युरो वगळून. रिकाम्या उभ्या गाडीसाठी तिथून काही मिळत नाही.

फोलकास्को असेल तर नुकसान कळवायची मुदत करारात सहसा एका आठवड्याची असते. कळवणं म्हणजे दावा पक्का करणं नव्हे. आधी कळवा, तक्रार क्रमांक द्या, फोटो पाठवा, आणि कंपनीला लेखी विचारा: हा दावा मी केला तर पुढच्या वर्षांत माझा हप्ता किती वाढेल? हा प्रश्न विचारल्याशिवाय दुरुस्तीला हो म्हणू नका.

कारण असं: बिनदाव्याच्या वर्षांप्रमाणे तुमचा एक वर्ग ठरतो. त्याला शाडनफ्राइहाइट्सक्लास म्हणतात, बोलताना एसएफ क्लास. फोलकास्कोत दावा केला की तो वर्ग खाली येतो, चूक तुमची नसली तरीही. आपल्या लोकांना हे फार लागतं, आणि लागणं बरोबरच आहे. पण कंपनीच्या हिशेबात ज्याच्याकडून वसूल करता येईल असा कोणी नसतो, म्हणून हा दावा तुमच्या नावावर चढतो. घसरण फोलकास्कोच्या वर्गापुरतीच असते, सक्तीच्या हाफ्टफ्लिख्टचा वर्ग तसाच राहतो. भारतातला नो क्लेम बोनस इथे सहसा धरला जात नाही, त्यामुळे नव्या माणसाचा वर्ग आधीच खालचा असतो आणि हप्ता आधीच चढा.

एक कल्पित हिशेब मांडतो. समजा दुरुस्ती १,४०० युरोंची आहे आणि करारानुसार पहिले ३०० युरो तुम्ही भरायचे आहेत. कंपनी देणार १,१००. दाव्यामुळे पुढच्या पाच वर्षांत हप्ता मिळून ६०० युरोंनी वाढणार असेल, तर तुमच्या हातात खरे ५०० युरो पडले. दावा करा. आता दुरुस्ती ७०० युरोंची धरा. कंपनी देणार ४००, हप्ता वाढणार तेवढाच ६००. म्हणजे दावा करून तुम्ही २०० युरो घालवले. अशा वेळी स्वतः दुरुस्त करणं किंवा जुन्या गाडीवरचा ओरखडा तसाच ठेवणं शहाणपणाचं. खरे आकडे तुमच्या करारातले घ्या. काही कंपन्या नंतर दाव्याची रक्कम परत भरून वर्ग वाचवायची मुभा देतात. तशी सोय आहे का आणि किती महिन्यांत, तेही त्याच ईमेलमध्ये विचारा. करारात राबाटशुट्स असेल तर एखादा दावा वर्गाला न लागता जातो. मात्र पुढे कंपनी बदलली की नवी कंपनी हे संरक्षण सहसा मान्य करत नाही.

गॅरेज निवडण्याआधी करार पुन्हा बघा. स्वस्त विम्यात बऱ्याचदा ‘कंपनी सांगेल तिथेच दुरुस्ती’ अशी अट असते. दुसरीकडे नेली तर पैसे कापले जातात. गाडी लीजिंगवर असेल तर लीजिंग कंपनीला लगेच कळवा. ती गाडी त्यांच्या मालकीची आहे, आणि दुरुस्ती कुठे करायची हेही बहुधा तेच ठरवतात.

बाहेरून क्षुल्लक दिसणाऱ्या धक्क्याला क्षुल्लक मानू नका, हे इथे आवर्जून सांगतो. आजचे बंपर प्लॅस्टिकचे असतात, दाबले जाऊन पुन्हा जागेवर येतात. आतला सेन्सर, रडार किंवा त्याची पकड मात्र वाकलेली असू शकते. पार्किंगचा सेन्सर उगाच वाजू लागला किंवा डॅशबोर्डवर इशारा आला तर दुरुस्तीचा आकडा ओरखड्याच्या कितीतरी वर जातो. दावा करायचा नाही असं ठरवण्याआधी आतली बाजू तपासून घ्या.

ठोकणारा सापडला तर

इथून सगळं बदलतं, आणि इथेच लोक हक्काचे पैसे सोडून देतात.

गाडीचा नंबर हाती आला असेल तर तिचा विमा कोणाचा आहे ते शोधायला त्सेंट्रालरूफ नावाची सेवा आहे: ०८०० २५० २६००, फोन मोफत. नंबर, तारीख आणि जागा सांगितली की ते विमा कंपनी शोधून देतात. दावा थेट त्या कंपनीकडे करता येतो, गाडीमालकाच्या मागे लागायची गरज नाही. परदेशी नंबरची गाडी असेल तर बर्लिनमधल्या ग्रीन कार्ड कार्यालयाकडून वाट काढावी लागते. त्याला वेळ लागतो, पण काम होतं.

आता सर्वांत महत्त्वाचं. काही आठवड्यांनी, महिन्यांनी सरकारी वकिलांच्या कार्यालयाकडून पत्र येतं की तपास बंद केला आहे. ते वाचून लोक पैशांची आशाच सोडतात. पण आत काय लिहिलंय ते बघा. ‘गाडीच सापडली नाही’ असं असेल तर खरंच मार्ग नाही. ‘गाडी सापडली, पण त्या वेळी ती कोण चालवत होतं ते सिद्ध झालं नाही’ असं असेल, तर फौजदारी प्रकरण संपलं, तुमची भरपाई संपलेली नाही. जर्मन कायद्यात गाडीच्या वापरातून झालेल्या नुकसानीला नोंदणीकृत गाडीमालकच जबाबदार असतो, चाकामागे कोणीही असो. त्याच्या गाडीने तुमची गाडी घासली एवढं दाखवता आलं की त्याच्या विमा कंपनीने पैसे द्यायचे. भरपाई मागायची मुदत तीन वर्षांची असते आणि ती साधारणपणे त्या वर्षाच्या अखेरीपासून मोजतात. पोलिसांची फाइल वकिलामार्फत बघता येते.

समोरच्याच्या विम्यातून पैसे घेताना तुमचे हक्क फोलकास्कोपेक्षा बरेच जास्त असतात. स्वतःच्या विम्यात तपासनीस कंपनी नेमते. इथे तुम्ही स्वतः स्वतंत्र तज्ज्ञ, म्हणजे गुटाख्टर, निवडू शकता आणि त्याची फी समोरची कंपनी भरते. नुकसान साधारण ७५० युरोंच्या खाली असेल तर मात्र तज्ज्ञाची फी नाकारली जाऊ शकते, तेव्हा गॅरेजचा लेखी अंदाज पुरे. चूक पूर्ण समोरच्याची असेल तर वकिलाची फीसुद्धा त्याच कंपनीकडून मिळते. गाडी दुरुस्तीत असेल त्या दिवसांसाठी वापर बुडाल्याची भरपाई किंवा भाड्याची गाडी मिळते. नव्यासारख्या गाडीची पुनर्विक्रीची किंमत घटली म्हणून वेगळी रक्कम, फोन-टपालासाठी साधारण २५-३० युरोंची ठोक रक्कम, हेही मागता येतं. दुरुस्ती न करता तज्ज्ञाच्या अहवालाप्रमाणे पैसे घेणंही कायदेशीर आहे. त्यात फक्त १९ टक्के मूल्यवर्धित कर कापला जातो, कारण तो तुम्ही भरलेला नसतो.

समोरची कंपनी फोन करून गोड बोलते, ‘आमचाच माणूस पाठवतो, आमच्याच गॅरेजमध्ये करून देतो, सगळं आम्ही बघतो.’ नम्रपणे नाही म्हणा. नुकसान मोजणारा माणूस पैसे देणाऱ्याने पाठवलेला नसावा, एवढं साधं आहे.

आधी फोलकास्कोतून पैसे घेतले आणि नंतर ठोकणारा सापडला, तर लगेच तुमच्या कंपनीला कळवा. ती समोरच्या कंपनीकडून पैसे वसूल करते आणि पूर्ण वसुली झाली तर तुमचा वर्ग पूर्ववत होतो. वरच्या हिशेबात तुम्ही भरलेले ३०० युरोही समोरच्याकडून मागता येतात.

भाड्याची गाडी, शेअरिंगची गाडी, इमारतीचं तळघर

भाड्याच्या आणि शेअरिंगच्या गाडीला उभी असताना कोणी ठोकलं, तरी पोलिसांना बोलावणं ही करारातली अट असते. पोलिसांशिवाय कळवलंत तर तुमच्या खर्चावरची मर्यादा रद्द होऊ शकते आणि सगळं बिल तुमच्यावर येतं. शेअरिंगची गाडी घेण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारून नवे ओरखडे अॅपमध्ये टाका. पाऊस पडत असला तरी.

इमारतीच्या बंद तळघरात, जिथे फक्त ठरलेल्या भाडेकरूंच्याच गाड्या येतात, तिथे कलम १४२ सहसा लागू होत नाही, कारण ती सार्वजनिक वाहतुकीची जागा धरली जात नाही. सुपरमार्केटचं पार्किंग किंवा शहरातलं सशुल्क पार्किंग मात्र सार्वजनिकच. तळघरात असं झालं तर इमारतीच्या व्यवस्थापनाला, हाउसफेरवाल्टुंगला, लेखी कळवा आणि शेजाऱ्यांना शांतपणे विचारा. गुन्हा नसला तरी भरपाईचा हक्क असतोच.

आणि तुमच्याच हातून कोणाची गाडी घासली तर

हे लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होत नाही, कारण आपली सरळ, प्रामाणिक माणसं इथे अडकतात. वायपरखाली नाव आणि फोन लिहिलेली चिठ्ठी ठेवून निघून जाणं जर्मनीत पुरेसं नाही. वाऱ्याने किंवा पावसाने चिठ्ठी गेली, की तुम्ही ठोकून पळालेला ठरता. आधी परिस्थितीनुसार योग्य तेवढा वेळ तिथे थांबायचं. मालक आला नाही तर पोलिसांना कळवायचं. माझा सल्ला एवढाच, की अर्धा तास मोजत बसण्यापेक्षा सुरुवातीलाच पोलिसांना फोन करा, ते सांगतील तसं करा आणि मग निघा. पैसे तुमचा हाफ्टफ्लिख्ट भरेल.

घरी पोहोचल्यावर लक्षात आलं तर रात्र मध्ये घालवू नका. पार्किंग करताना झालेल्या, फार मोठ्या नसलेल्या नुकसानीची खबर २४ तासांच्या आत स्वतःहून दिली, तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं किंवा पूर्ण माफही करू शकतं. मात्र पोलीस तुमच्यापर्यंत आधी पोहोचले तर ही सवलत गेली. नुकसान मोठं असेल, बऱ्याच न्यायालयांनी ही रेषा दीड हजार युरोंच्या आसपास धरली आहे, तर लायसन्सही जाऊ शकतं. विमा कंपनी समोरच्याला पैसे देते, पण पळून गेलेल्या चालकाकडून त्यातले काही हजार युरो परत वसूल करू शकते. पुढे नागरिकत्वासाठी अर्ज करताना शिक्षांची नोंद तपासली जाते. ९० दिवस-दरांपर्यंतचा (एक दिवस-दर म्हणजे साधारण एका दिवसाची कमाई) दंड तिथे साधारणपणे दुर्लक्षिला जातो, त्यावर गेलं की अडतं. पोलिसांचं पत्र घरी आलं, तर त्यावर घाईघाईने स्वतः काही लिहून पाठवू नका. वाहतूक कायद्याचा वकील गाठा आणि त्याने फाइल बघितल्यावरच उत्तर द्या.